मैल्याच्या टाकीचा ३ इंची व्हॉल्व्ह संच: आठ महिने वापरून झाल्यावर

कॅम्पर ट्रेलरच्या मैल्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह मी बदलला त्याला आता आठ महिने झाले. मत लिहायला इतका वेळ मुद्दाम घेतला. असला व्हॉल्व्ह बसवल्या दिवशी कोरडाच असतो. टाकी पूर्ण भरली, खड्ड्यांतून दोनचार लांबचे प्रवास झाले, उन्हात प्लॅस्टिक तापलं, रात्री गारठलं आणि तरीही खाली थेंब दिसला नाही, तरच तो चांगला म्हणायचा. माझा तसा निघाला. पण मला मुख्य सांगायचंय ते वेगळंच आहे. जुना व्हॉल्व्ह गळत होता तो पाइपाच्या ओझ्यानं. ते ओझं तसंच ठेवून नवा बसवला असता, तर तोही गळायला लागला असता.

संचात काय येतं ते आधी सांगते. सरकत्या पात्याच्या व्हॉल्व्हची बॉडी, दोन रबरी सीलं, चार बोल्ट, चार नट आणि पातं ओढायचा दांडा. दोन फ्लँज, म्हणजे पाइपांच्या टोकाच्या रुंद कडा, जुन्याच राहतात. त्यांच्यामध्ये बॉडी सरकवायची, दोन्ही अंगांना एकेक सील बसवायचं आणि चार बोल्टांनी सगळं एकत्र आवळायचं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या मापाचे असे संच बरेच जण बनवतात आणि त्यांची घडण साधारण हीच असते.

आमच्या ट्रेलरमध्ये मी आणि बाबा असतो. बाबांचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. रात्री तीन-चार वेळा उठावं लागतं, आणि अंधारात पायऱ्या उतरून मुक्कामाच्या जागेच्या सामाईक स्वच्छतागृहापर्यंत जाणं त्यांना झेपत नाही. त्यामुळे आतला संडास चालू असणं ही आमच्यासाठी सोय नाही, गरज आहे. टाकीखाली ओल दिसायला लागली तेव्हा बाबांनी काही न बोलता संध्याकाळनंतर पाणी पिणं कमी केलं. ते माझ्या लक्षात आलं त्या दिवशी मी ठरवलं की आता हे काम पुढे ढकलायचं नाही.

सुरुवातीला एका वर्कशॉपमध्ये दाखवलं होतं. तिथल्या माणसानं खाली वाकून पाहिलं, थेंब बॉडीच्या तळाशी जमतोय म्हणाला आणि तिथे सिलिकॉनचा जाड थर थापून दिला. जागा आधी नीट पुसली नाही, वाळवली नाही. तो थर अकरा दिवस टिकला. ओल्या, मळलेल्या प्लॅस्टिकवर सिलिकॉन धरत नाही. वरून चिकटलेलं दिसतं आणि आतून सुटलेलं असतं. पुढे तो खरवडून काढायला माझा तासभर गेला, आणि फ्लँजच्या कडेला ओरखडा पडू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पट्टीनंच काढावा लागला.

खरी गळती सापडली ती बाबांमुळे. त्यांनी सगळी नोकरी पंपांच्या दुरुस्तीत घालवली आहे. ते बाजूला खुर्ची टाकून बसले होते. मी खालून ओरडून सांगितलं, “बाबा, थेंब खालीच पडतोय.” ते म्हणाले, “थेंब खालीच पडणार गं, तो कुठून निघाला ते बघ.” मग त्यांच्या सांगण्यावरून मी सगळे जोड कापडानं कोरडे केले आणि प्रत्येक जोडाभोवती टिश्यू कागदाची पट्टी एक वेढा गुंडाळली. टाकीत आधीच स्वच्छ पाणी भरून त्यात निळा रंग टाकला होता. टॉर्च लावून पडून राहिले. सहा-सात मिनिटांनी बॉडीच्या माथ्यावर, टाकीकडच्या फ्लँजच्या जोडावर, कागदात नखाएवढा निळा ठिपका उमटला. तो हळूहळू दोन्ही अंगांनी खाली पसरत गेला आणि शेवटी तळाशी थेंब होऊन लोंबला. ज्या तळाला सिलिकॉन थापलं होतं, तिथे जोडात काहीच बिघाड नव्हता.

आता प्रश्न असा की माथ्यावर का? बाबांनी जुन्या पातळ कार्डाचे तुकडे कापून दिले आणि म्हणाले, जोडाच्या फटीत घालून बघ. तळाशी एकच तुकडा जेमतेम शिरला. माथ्याशी चार तुकडे एकावर एक सहज गेले. म्हणजे दोन फ्लँज एकमेकांना समांतर नव्हते, वरून उघडे पडले होते. पुढे सरकत गेले तेव्हा कारण दिसलं. व्हॉल्व्हनंतर जवळजवळ दीड मीटर पाइप कुठल्याही आधाराशिवाय लोंबत होता. मूळ आधाराची पट्टी तुटून गेली होती, तिचा एकच स्क्रू चॅसीला शिल्लक होता. ३ इंची पाइप पूर्ण भरला तर मीटरमागे साडेचार किलोच्या आसपास पाणी होतं. त्यात पाइपाचं वजन, टोकाच्या झाकणाचं वजन आणि रस्त्यावरचा प्रत्येक हादरा. हे सगळं ओझं एका टोकाला धरलेल्या काठीसारखं त्या चार बोल्टांवर येत होतं. खाली ओढलेल्या पाइपानं जोड वरच्या बाजूनं फाकवला आणि पातंही तिरकं घासायला लागलं. गेले काही महिने दांडा ओढताना जड लागत होता तो त्यामुळेच. मला वाटायचं आत कागद अडकतोय.

व्हॉल्व्ह काढण्याआधीची तयारी दीड दिवस चालली, आणि त्यात घाई करू नये. टाकी मैला सोडायच्या अधिकृत जागीच रिकामी केली. मग तीनदा धुतली. चौथ्यांदा अर्धी टाकी पाणी आणि थोडा भांड्यांचा साबण घालून ट्रेलर तासभर फिरवला. पाणी आत हिंदकळतं आणि भिंतींना चिकटलेला थर सुटतो. मग पुन्हा रिकामी. चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी, चॅसीखाली स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. हातात कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, डोळ्यांना गॉगल, आणि जवळ कसलीही ज्योत नाही, कारण मैल्यातून मिथेन निघतो आणि तो पेट घेतो. दुसरा वायू सडक्या अंड्यांच्या वासाचा, हायड्रोजन सल्फाइड. तो हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो, म्हणजे आपण जिथे पडलेलो असतो तिथेच. बाबांनी पंपांच्या खड्ड्यांत तो अनुभवलेला आहे. त्यांनी मला दोनदा बजावलं की वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असं धरू नकोस. दहा लाख भागांत १०० भागांच्या आसपास तो पोचला की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते, आणि तेवढं प्रमाण जिवाला धोक्याचं असतं. उघड्यावर, वारा असताना काम केलं म्हणून आम्हाला काही झालं नाही. बंद शेडमध्ये हे काम करू नये.

बोल्ट सैल करण्याआधी पुढच्या पाइपाखाली लाकडी ठोकळे दिले. ते बरं झालं. शेवटचा बोल्ट निघाला तसा पाइप ठोकळ्यांवर बोटभर खाली बसला. इतकी वर्षं तो त्या जोडाला किती ओढत होता ते तेव्हा डोळ्यांना दिसलं.

जुनं सील मी बाहेर आणून उजेडात पाहिलं. रबराचं कडं, त्याला आतल्या बाजूनं एक पातळ ओठ, तो पात्याला टेकून पाणी अडवतो. दोन बोटांच्या रुंदीएवढ्या जागेत तो ओठ आत दुमडून तसाच कडक झाला होता. अंगठ्यानं उलटवून पाहिला तर सरळ होईना, सोडला की पुन्हा दुमडायचा. घडीच्या आत पांढरट खरखरीत थर साचलेला, लघवीतल्या क्षारांचा. पात्याच्या कडेलाही तोच थर, आणि एका बाजूला तिरकं घासल्याची चकाकी. दुसऱ्या अंगाचं सील मात्र मऊ आणि धड होतं. रबर नुसतं जुनं झालं म्हणून गेलं असतं तर दोन्ही सीलं सारखीच गेली असती.

नव्या संचातली सीलं मला मनापासून आवडली. रबर दाट आहे, ओठ सगळीकडे एकसारख्या जाडीचा, साच्याच्या फुटलेल्या कडा कुठेही नाहीत. बोटानं दाबून सोडलं की लगेच जागेवर येतो. पातंही जुन्यापेक्षा जाड आहे आणि त्याची पुढची कड गोलसर घासलेली आहे, त्यामुळे सरकताना ते सीलचा ओठ खरवडत नाही. कुठलाही व्हॉल्व्ह घेताना या कडेवरून नख फिरवून बघा. धारदार लागली तर परत करा.

तक्रार आहे ती सोबतच्या कागदाबद्दल. सीलची कुठली बाजू कुठे, हे त्यावरच्या चित्रातून अजिबात कळत नाही. उंच कडेची बाजू फ्लँजच्या खोबणीत बसते आणि ओठाची बाजू पात्याकडे येते. उलट बसवलं तरी बोल्ट आवळले जातात, सगळं ठीक दिसतं, आणि टाकी भरली की गळतं. मी पहिल्यांदा एक सील हातात उलटच धरलं होतं. जुन्याशी पडताळून पाहिलं म्हणून कळलं. म्हणून जुनी सीलं काढताना कुठलं कुठून निघालं त्याचे फोटो काढून ठेवा, आणि नवीन चालू होईपर्यंत जुनी फेकू नका.

बसवताना सील खोबणीतून निसटतं, हा या कामातला सगळ्यात किचकट भाग. वर पाहत, हात उंच धरून, दोन सीलं आणि मध्ये बॉडी एकाच वेळी सरकवायची असते. मी खोबणीत सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवला, त्यानं सील जागेवर धरून राहिलं. इथे खनिज तेलाचं ग्रीस किंवा व्हॅसलीन लावू नका, काही प्रकारच्या रबरांना ते फुगवतं. चार बोल्ट आधी हातानंच लावले, मग समोरासमोरचे आळीपाळीनं, एकेका वेळी अर्धा फेरा. मी पाना फिरवायचे आणि बाबा बाहेरून मोजायचे. थोडं आवळलं की दांडा ओढून बघायचा. सगळीकडे सारखी फट आणि दांडा एका हातानं, एका दमात सरकतो, तिथे थांबायचं. याच्यापुढे जोर लावला तर प्लॅस्टिकच्या फ्लँजला तडा जातो.

बोल्ट जस्ताच्या मुलाम्याचे आहेत. रस्त्याचं पाणी आणि चिखल सतत उडणाऱ्या जागी ते गंजणार, म्हणून मी त्याच मापाचे स्टेनलेसचे घातले. दांडाही माझ्या टाकीला आखूड पडला, टाकी चॅसीच्या बरीच आत आहे. जोडदांडा वेगळा मागवावा लागला. घेण्याआधी टाकीपासून बाहेरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून घ्या.

व्हॉल्व्ह बसला, पण काम संपलं नाही. पुढच्या एल्बोवर, म्हणजे पाइपाच्या वळणाच्या तुकड्यावर, जोडाच्या अगदी गळ्याशी, केसाएवढी भेग होती. तीही त्याच लोंबण्यामुळे आलेली. इथे प्लॅस्टिक ओळखणं महत्त्वाचं आहे. आमचा पाइप काळा, एबीएसचा. त्याला एबीएसचंच सोल्युशन लागतं. ते गोंदासारखं चिकटवत नाही, दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं. पांढऱ्या पीव्हीसीचं सोल्युशन वेगळं. टाकी मात्र पॉलिइथिलीनची आहे. तिच्या तळाशी त्रिकोणात २ हा आकडा उठवलेला आहे, म्हणजे एचडीपीई. साध्या तापमानाला कुठलंही सोल्युशन तिला विरघळवत नाही, म्हणून तिच्यावर यातलं काहीही धरत नाही. टाकीलाच तडा असेल तर त्याच प्लॅस्टिकची कांडी घेऊन गरम हवेनं वेल्डिंग करणारा माणूस शोधा. टाकीला सोल्युशन लावून वेळ घालवू नका.

भेगेचा भाग मी करवतीनं काटकोनात कापून काढला, आतली-बाहेरची कुसळं कानसेनं घासली आणि नवा एल्बो एका बाजूनं सोल्युशननं बसवला. दुसऱ्या बाजूला रबरी कपलिंग घातलं, दोन स्टीलच्या पट्ट्यांनी आवळायचं असतं ते. ही वस्तू फार उपयोगाची आहे. पुढच्या खेपेला व्हॉल्व्ह काढायचा झाला तर करवत लागणार नाही, पट्ट्या सैल केल्या की पाइप बाजूला होईल. हादऱ्यांनाही ते थोडं लवतं. पण लवतं म्हणूनच ते वजन पेलत नाही. दोन्ही बाजूंनी आधार नसेल तर कपलिंगपाशी पाइप वाकतो, तिथे खोलगट जागा होते आणि मैला नेमका तिथे साचून राहतो.

म्हणून शेवटचं काम आधारांचं. चॅसीला भोकं पाडून तीन ठिकाणी रबर लावलेले क्लॅम्प टांगले: एक व्हॉल्व्हच्या लगेच पुढे, एक कपलिंगच्या पलीकडे आणि एक टोकाच्या झाकणाजवळ. घरातल्या आडव्या पाइपाला १.२ मीटरला एक आधार पुरतो. धावत्या गाडीखाली मी अंतर त्याच्या निम्म्यावर आणलं. उतार मीटरमागे २ सेंटीमीटर ठेवला. ट्रेलर आधी आडव्या पातळीत उभा करून मगच पाइपावर पाणसळ ठेवायची, नाहीतर मोजलेला उतार खोटा निघतो. बाबांनी मला तीनदा पाणसळ उलटी, म्हणजे डावं टोक उजवीकडे करून, धरून पुन्हा मोजायला लावलं. पाणसळ स्वतःच चुकीची असेल तर उलटी धरल्यावर कळतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

सोल्युशनचा जोड चोवीस तास तसाच ठेवला. तिसऱ्या दिवशी टाकी पुन्हा निळ्या पाण्यानं वरपर्यंत भरली आणि सगळ्या जोडांना कागदाच्या पट्ट्या गुंडाळल्या. रात्रभर तशीच ठेवली. अर्धी भरून तपासू नका. माथ्याच्या जोडावर पुरता दाब येतो तो टाकी भरल्यावरच. सकाळी बाबांनी टॉर्च माझ्या हातून घेतला, गुडघ्याला हात लावत स्वतः वाकून खाली पाहिलं आणि म्हणाले, “कोरडं आहे.” मग आत जाऊन त्यांनी तांब्याभर पाणी प्यायलं.

या आठ महिन्यांत दांडा एकदाही अडकला नाही. दर दोन महिन्यांनी टाकी रिकामी करून धुतल्यावर बाहेरच्या तोंडातून पात्यावर सिलिकॉन ग्रीसचा फवारा मारते आणि चार-पाच वेळा उघडझाप करते. ब्लीच टाकीत घालत नाही, ते सीलचं रबर खातं. मुक्कामाला मैल्याचा व्हॉल्व्ह बंदच असतो, टाकी निदान दोन तृतीयांश भरली की मगच उघडायचा. उघडा ठेवला तर पाणी निघून जातं आणि घट्ट मैला तोंडाशी ढीग होऊन वाळतो. मग पात्याखाली कण अडकतात आणि चांगलं सीलही गळतं. आधी मैल्याची टाकी सोडायची, पाठोपाठ सांडपाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्यानं पाइप धुऊन निघतो.

पाचपैकी साडेचार देईन. अर्धा कापला तो कागदावरच्या चित्रासाठी आणि बोल्टांसाठी. सीलं आणि पात्याची कड यांत काही कमी काढायला जागा नाही, आणि पुन्हा घ्यायचा झाला तर हाच संच घेईन. पण मागवण्याआधी एकदा ट्रेलरखाली शिरा, व्हॉल्व्हच्या पुढचा पाइप तळहातावर उचलून बघा. बोटभर जरी वर आला, तर संचाबरोबर क्लॅम्पही मागवा.

सांडपाण्याच्या टाकीचा दीड इंची व्हॉल्व्ह आता थोडा जड लागायला लागलाय. पुढच्या मुक्कामी तिथेही कार्डाचे तुकडे घालून बघणार आहे. बाबांनी ते जुन्या डबीत जपून ठेवलेत.